फुटका रेडिएटर : डाक कीं बदल?

पुण्याच्या एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या सासऱ्यांनीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटार अद्यापि घरांत असून तिच्या रेडिएटरला चीर पडून पाणी ठिबकतें. धाकटे दीर म्हणतात, गळती बुजविण्याची पूड पाण्यांत सोडून काम भागवूं. यजमान म्हणतात, नवा रेडिएटर बसवूं. वैशाखांत वृद्ध सासूबाई व मुलें यांसह सर्वांस ताम्हिणी घाटानें कोंकणांत जावयाचें आहे. तेव्हां निर्णय लवकर हवा.

चीर कोणत्या पदार्थास पडली आहे, हा पहिला प्रश्न मात्र दोघांनींहि विचारलेला दिसत नाहीं.

पद्मिनी कुर्ल्यास तयार होत असे. १९६४ सालीं ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आलेल्या गाडीचेंच हें पुढील नामांतर. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तिचा मूळचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या ओळखीचा. वर एक टाकी, खालीं एक टाकी व मध्यें बारीक चपट्या नळ्यांची जाळी. इंजिनांत तापलेलें पाणी या जाळींतून उतरतां उतरतां वाऱ्यानें निवतें आणि पंपाच्या योगानें पुनः इंजिनांत जातें. हे सर्व सांधे डाकाचे असतात. कथील व शिसें यांचा डाक सुमारें १८३ अंश सेल्सियसपासून वितळूं लागतो, आणि तांबें वितळावयास १०८४ अंश लागतात. म्हणूनच मूळ धातूस धक्का न लावतां सांधा पुनः पुनः उकलतां व जोडतां येतो. (शिशाचा हा डाक स्वयंपाकाच्या भांड्यास मात्र कदापि चालत नाहीं.)

जाणता कारागीर रेडिएटर गाडींतून उतरवितो, त्याचीं तोंडें बंद करून आंत हवा भरतो व तो पाण्याच्या हौदांत बुडवितो. बुडबुडे निघतील तेथें चीर. ती जागा घासून, तेजाबानें स्वच्छ करून डाक दिला कीं काम झालें. याच वेळीं वरची टाकी उघडवून नळ्यांत सांचलेला क्षार काढून घ्यावा. वर्षानुवर्षें नळाचें किंवा विहिरीचें पाणी भरलेल्या गाडींत तो असावयाचाच. नळ्याच कुजल्या असतील तर जुन्या टाक्या ठेवून मधली जाळी नवी घालतां येते. संबंध रेडिएटर टाकून देण्याचें कारण नाहीं.

अलीकडील गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांची जाळी अ‍ॅल्युमिनियमची व टाक्या नायलॉनच्या, रबराची पट्टी मध्यें घालून कडा दुमडून बसविलेल्या. उष्णतेनें नायलॉन ठिसूळ होतें. त्यास डाक लागत नाहीं, आणि लेप लावला तरी दाब व उष्णता यांपुढें तो फार दिवस टिकत नाहीं. तेथें बदलणें हेंच शहाणपण. पद्मिनीसहि मागें कोणी असला रेडिएटर बसविला असल्यास यजमानांचेंच खरें!

दीरांच्या पुडीविषयीं माझें मत कठोर आहे. आडरानांत अडलेल्या चालकानें हळदीची पूड टाकून गांव गांठल्याच्या कथा आपण ऐकतों. कोणी अंड्याचा पांढरा भागहि घालतात, त्याची चर्चा आपल्या वाचकांत नको! परंतु जी पूड चीर बुजविते ती बारीक नळ्याहि बुजविते. परतीच्या चढावर इंजिन तापलें, तर त्याचें अ‍ॅल्युमिनियमचें शिर वांकडें होऊन डाकाच्या कित्येक पट खर्च येतो, आणि भर उन्हांत म्हातारें माणूस रस्त्याच्या कडेस बसतें तें वेगळेंच.

डाक देऊन झाल्यावर टोपणहि पाहावें. दाबाखालीं पाणी उशिरा उकळतें. वातावरणाहून एक बार अधिक दाब असला तर सुमारें १२० अंशांस. टोपणाची स्प्रिंग निकामी झाली कीं पाणी आधींच उतूं जातें, आणि जुन्या रेडिएटरवर अधिक दाबाचें टोपण बसविलें तर सांधे पुनः उकलतात. म्हणून गाडीस नेमून दिलेल्या अंकाचेंच टोपण घ्यावें. रबरी नळ्या व पंख्याचा पट्टा त्याच दिवशीं तपासवावा, आणि घाटापूर्वीं एखाद्या दुपारीं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गाडी नेऊन कांटा पाहावा.

वाटेंत गाडी तापलीच तर टोपणास हात लावूं नये. दाब सुटतांच पाणी उकळून अंगावर उडतें व तोंड-हात भाजतात. चांगला तासभर थांबावें. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचें भय असतें.

नव्यानें भरतांना शुद्ध केलेलें पाणी व शीतक द्रव योग्य प्रमाणांत घालावा. या द्रवांत बहुधा एथिलीन ग्लायकोल असतें. तें चवीला गोड, पण विषारी. काढलेलें जुनें पाणी अंगणांत अथवा तुळशीपाशीं ओतूं नये. बंद डब्यांत भरून, मुलांचा व मांजराचा स्पर्श होणार नाहीं असें ठेवून कारागिराच्या स्वाधीन करावें.