कोड आणि आपली नजर

कांहीं वर्षांपूर्वीं एका पालकांची चिठ्ठी आमच्या हातीं आली. वर्गांतील एका मुलीच्या बोटांवर व ओठांशेजारीं पांढरे डाग उमटले होते. आपल्या कन्येस तिच्या बाकावर बसवूं नये, एवढीच त्यांची विनंती होती. आम्हीं कांहीं न बोलतां बाक बदलला. त्या मुलीनें कारण विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती बाह्यांत बोटें लपवूं लागली. चूक आमची होती, आणि ती अज्ञानाची नसून भित्रेपणाची होती. म्हणून सावेडीच्या पालकांपुढें व आमच्या विद्यार्थ्यांपुढें हा विषय मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

कोड हा संसर्गजन्य रोग नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. आपल्या त्वचेंत रंग निर्माण करणाऱ्या पेशी असतात. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच कांहीं माणसांत चुकून या पेशींवर उलटते. त्या नष्ट झाल्या कीं तेथील त्वचा पांढरी पडते. जगांत शंभरांतील सुमारें एका माणसास हा विकार असतो, व पुष्कळांस तो विसाव्या वर्षाच्या आंतच दिसूं लागतो. स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें वा एका बाकावर बसल्यानें तो लागत नाहीं. मासे व दूध एकत्र खाल्ल्यानें कोड फुटतें, ही समजूत निराधार आहे; आणि तें कोणाच्या पापाचें फळ आहे असें म्हणणें तर केवळ निर्दयपणाचें होय.

अर्धा अनर्थ नांवानें केला आहे. 'श्वेतकुष्ठ' या शब्दामुळें लोक कोडास कुष्ठरोग समजतात. कुष्ठरोग जंतूंमुळें होतो व त्याच्या चट्ट्यांत बहुधा स्पर्श कळेनासा होतो. कोडाच्या डागांत संवेदना शाबूत असते. पवित्र शास्त्रांतही लेवीयाच्या तेराव्या अध्यायांत अंगावर नुसते पांढरट डाग असलेल्या मनुष्यास शुद्ध म्हटलें आहे. आणि कुष्ठरोग असता तरी काय? तो आज औषधांनीं बरा होतो. आमच्या प्रभूनें तर कुष्ठरोग्यास हात लावूनच बरें केलें.

उपचारांविषयीं सांगावयाचें तर, खात्रीनें व कायमचें बरें करूं म्हणणाऱ्या जाहिरातींस भुलूं नये. बावचीचें औषध जुनें आहे व त्यांत गुणही आहे. परंतु तें आपल्याच मनानें लावून उन्हांत बसल्यास कातडी भाजून फोड येतात. त्वचारोगतज्ज्ञ मलमें देतात, नियंत्रित अतिनील किरणांचा उपचार आठवड्यांतून दोनतीन वेळां कांहीं महिने करतात, व डाग दीर्घकाळ वाढेनासे झाले असतां त्वचेचें रोपणही करतात. २०२२ सालीं अमेरिकेंत रक्सोलिटिनिब या मलमास कोडासाठीं मान्यता मिळाली. चेहऱ्यावर रंग बहुधा लवकर परततो. बोटांच्या टोकांवर फार सावकाश, किंवा मुळींच नाहीं. म्हणून वैद्यकीय सल्ला लवकर घ्यावा व धीर धरावा.

परंतु डागांपेक्षां लोकांच्या नजरेचा घाव खोल असतो. मुलीचें लग्न जमेल कीं नाहीं, या चिंतेनें आईबाप झुरतात. कित्येकदां तिला पाहुण्यांपासून लपविलें जातें. पुण्यांत डॉ. माया तुळपुळे यांनीं, स्वतःस कोड असतांना, 'श्वेता असोसिएशन' स्थापून अशा माणसांस एकत्र आणलें. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं २००६ सालच्या 'नितळ' या चित्रपटांत कोड असलेल्या डॉक्टर तरुणीसच नायिका केलें. २०११ पासून २५ जून हा जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. हीं कामें मोठीं आहेत. शाळेचें काम त्याहून लहान, पण रोजचें आहे.

पालक म्हणतील, आम्ही आपल्या मुलांचें हितच पाहतों. तें आम्हांस मान्य आहे. परंतु आम्ही वर्गांत वर्षभर शेजारप्रीति शिकवावी आणि घरून आलेल्या दोन ओळींनीं ती पुसून टाकावी, यांत कोणतें हित? मूल आमच्या पाठापेक्षां तुमच्या चिठ्ठीवरून अधिक शिकतें.

तशी चिठ्ठी पुन्हा आली, तर आम्ही बाक बदलणार नाहीं. लिहिणाऱ्या पालकांस भेटीस बोलावूं, आणि वर लिहिलें तेंच त्यांच्यासमोर बसून सांगूं.