विश्लेषण : तृतीयपंथी कोण, हे ठरवते कोण? व्याख्या बदलली की आकडा का बदलतो?

देशाच्या २०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला ‘इतर’ हा तिसरा पर्याय पहिल्यांदाच देण्यात आला. त्यात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली, त्यापैकी ४० हजार ८९१ महाराष्ट्रातील होते. तृतीयपंथीयांची लोकसंख्या म्हणून हाच आकडा वर्षानुवर्षे वापरला गेला. पण तो नेमका कोणाचा आहे?

शब्दांचा गोंधळ काय आहे?

जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि व्यक्तीला स्वतःची जाणवणारी ओळख म्हणजेच लिंगभाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या जुळत नसतील तर ती व्यक्ती ट्रान्सजेंडर. स्त्री किंवा पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारी ओळख म्हणजे नॉनबायनरी. जन्मतःच शरीररचना रूढ स्त्री-पुरुष रचनेपेक्षा वेगळी असेल तर ती इंटरसेक्स. हिजडा, किन्नर, जोगता या ओळखींना तर समाज, परंपरा आणि गुरू-चेला नात्यांचाही आधार आहे. हे सगळे गट एकाच रकान्यात कोंबले की आकडा मिळतो, माहिती मिळत नाही.

ब्रिटिशांनी व्याख्या कशासाठी केली?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. व्याख्येचा आधार होता नपुंसकत्व. ते कबूल केलेले किंवा वैद्यकीय तपासणीत दिसलेले. नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश केला किंवा नाच केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. म्हणजे ही मोजणी पाळत ठेवण्यासाठी होती. सरकारी नोंदीविषयीच्या अविश्वासाला असा इतिहास आहे.

वैद्यकशास्त्राची भूमिका कशी बदलली?

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या निदानपुस्तिकेत ‘ट्रान्ससेक्शुअलिझम’ हा विकार म्हणून आला. १९९४ मध्ये त्याची जागा ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’ने घेतली. २०१३ मध्ये ‘जेंडर डिस्फोरिया’ हा शब्द स्वीकारला गेला. त्यामुळे निदान ओळखीचे न राहता, त्या विसंगतीतून होणाऱ्या त्रासाचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढला. मात्र तो पूर्णपणे वगळला नाही, लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. कारण अनेक देशांत निदानाचा कोड नसेल तर उपचार आणि विमा मिळणे कठीण होते.

भारतीय कायद्याने काय केले?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर २०१६ च्या विधेयकात ‘पूर्णपणे स्त्री नाही आणि पूर्णपणे पुरुषही नाही’ अशा धर्तीची व्याख्या आली. त्यावर जोरदार टीका झाली. २०१९ च्या कायद्यात ती बदलून ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, इंटरसेक्स, जेंडरक्वीअर तसेच किन्नर, हिजडा, अरवानी, जोगता यांचा समावेश करण्यात आला. यल्लम्माचे जोगते महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला नवे नाहीत. कायद्याच्या व्याख्येत मात्र त्यांचे नाव तेव्हा आले. नॉनबायनरी हा शब्द आला नाही. शिवाय ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा दाखला, अशी अटही आली.

मोजणीत नेमके काय चुकते?

२०११ च्या ‘इतर’ गटात ५४ हजार ८५४ जण शून्य ते सहा वयोगटातील होते. या वयाच्या मुलांनी स्वतःची लिंगओळख प्रगणकाला सांगितली असणे शक्य नाही. ती नोंद मोठ्यांनीच केली. उलट घरच्यांपासून ओळख लपवून राहणारी प्रौढ व्यक्ती कुटुंबप्रमुखाच्या उत्तरात सहज ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ होऊन जाते.

इतर देशांचा अनुभव काय?

कॅनडाने २०२१ च्या जनगणनेत दोन प्रश्न विचारले : जन्मावेळचे लिंग कोणते आणि सध्याचा लिंगभाव कोणता. १५ वर्षांवरील १ लाख ८१५ जण ट्रान्सजेंडर किंवा नॉनबायनरी असल्याचे त्यातून समोर आले. दोन्ही गटांचे आकडेही वेगळे मिळाले. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र प्रश्नाच्या लांबलचक शब्दरचनेने घोळ झाला. इंग्रजी नीट न येणाऱ्यांनी तो चुकीचा समजून घेतला असावा, अशी शंका निर्माण झाली आणि २०२४ मध्ये त्या आकडेवारीचा अधिकृत दर्जा खाली आणण्यात आला.

पुढे काय?

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. घरकुल, शिष्यवृत्ती, आरोग्य योजना यांच्या तरतुदी अशाच आकड्यांवर ठरतात. त्यामुळे एका ‘इतर’ रकान्यापेक्षा दोन साधे प्रश्न, ते मराठीसह प्रत्येक भाषेत आधी तपासून घेणे, प्रगणकांचे प्रशिक्षण आणि उत्तराच्या गोपनीयतेची हमी गरजेची आहे. १८७१ मध्ये नाव नोंदवले जाणे ही शिक्षा होती. उत्तर दिल्याने नुकसान होणार नाही, ही खात्री पटली तरच लोक आज खरे उत्तर देतील.