मागचा खटका

भाच्याने अमेरिकेहून जुना जपानी अँप्लिफायर आणला आणि सोलापुरात घरी येताच स्वारी पिन भिंतीत खुपसायला निघाली. "थांब रे बाबा!" मी ओरडलो. यंत्राची पाठ वळवली तर खटका १२० वर! आपली वीज २३० व्होल्टची. दिवाळीआधीच फटाका वाजला असता.

पुढची घरे २२० आणि २४०. "मामा, दोन्ही सारखीच लांब," भाचा म्हणाला. मी मीटर लावला. संध्याकाळी २२४; रात्री आसपासचे यंत्रमाग थांबल्यावर २४३! कमी दाबाने आवाज जरा दबेल, जास्त दाबाने म्हातारा ट्रान्सफॉर्मर तापेल. २४० च पत्करले. फ्यूजही निम्म्या अँपिअरचा घातला.

सोबतचा रेकॉर्ड प्लेअर मात्र हटला. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवले, पण त्याची मोटर सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली वीज ५० ची. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी २८ सुद्धा घेईना. वडिलांच्या आवडीचा काळी दोनचा गवई पांढरी एकवर उतरून रडू लागला! आई म्हणाली, "हा तो नव्हेच." मोटरची पुली बदलेपर्यंत वडिलांच्या तबकड्या पेटीतच आहेत.