भाषेचा झेंडा आणि पाण्याचा हंडा



सीमाप्रश्न निघाला की आपल्याकडे रक्त तापते. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते असेच तापले होते. एसटी गाड्यांना काळे फासले गेले, दोन्ही राज्यांमधल्या फेऱ्या बंद पडल्या. त्या गाड्यांतून कोण जात होते? दवाखान्याला निघालेली म्हातारी, कामाला निघालेला मजूर, परीक्षेला निघालेले पोर. मराठी असो की कानडी, खाडा पडला तो त्यांचाच.

त्याच दिवसांत एक बातमी आली, तिच्याकडे मात्र शांतपणे पाहिले गेले नाही. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, ते कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी उकरून काढले. या भागात कानडी बोलणारी घरे पुष्कळ आहेत, जिल्हा परिषदेच्या कानडी शाळाही आहेत. परंतु ठरावाचे मूळ भाषेत नव्हते, पाण्यात होते. शेजारच्या राज्यात कालवा वाहतो आणि आपल्याकडे टँकरची वाट पाहावी लागते, हे त्या लोकांचे गाऱ्हाणे होते. गाजावाजा झाल्यावर सुमारे २ हजार कोटींच्या म्हैसाळ विस्तारित योजनेची चक्रे हलली. दहा वर्षे पाणी मागून जे झाले नाही, ते "आम्ही जातो" म्हटल्यावर झाले! नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातील गावकऱ्यांनी त्याच महिन्यात गुजरातेत जाण्याची भाषा केली, तीही रस्ते, दवाखाना, शाळा यांसाठीच.

आता दुसरी बाजू पाहू. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे, निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, असे त्याने सांगितले. महाराष्ट्राने ते मानले नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या काळात आजोबा गेले, बाप म्हातारा झाला, नातू नोकरीला लागला.

तिथल्या मराठी माणसाचे मागणे साधे आहे. जमिनीचा उतारा, सरकारी नोटीस, कराची पावती आपल्याला वाचता यावी. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतच ठरले होते. घटनेचे कलम ३५० क सांगते की अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. हे कलम बेळगावच्या मराठी मुलाला जसे लागू आहे, तसेच जतच्या कानडी मुलालाही. एकाचा हक्क मागायचा आणि दुसऱ्याचा विसरायचा, हे न्यायाला धरून नाही.

आम्ही कारकुनी पेशाचे. आम्हाला जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्याचा हिशेब पाहू. तिथे सीमेवर अशी १४ गावे आहेत की ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा. बहुसंख्य लोक मराठी बोलणारे, पुष्कळसे मराठवाड्यातून पोटासाठी येऊन स्थायिक झालेले. त्यांत अनुसूचित जातीची घरे मोठ्या संख्येने. गावात दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, एक मराठी, एक तेलुगू. घरात दोन रेशनकार्डे, दोन मतदान ओळखपत्रे. २०१९ साली तेलंगणाने वृद्धांचे पेन्शन महिना २,०१६ रुपये केले, तेव्हा महाराष्ट्रात ते १,००० होते. २०२३ साली आपल्याकडे १,५०० झाले. मग म्हातारीने "मी मराठी" म्हणून छाती फुगवायची, की तेलुगू कागदावर अंगठा उठवून दोन हजार घ्यायचे? तिने अंगठा उठवला तर तिला कोणी नावे ठेवू नयेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया सुरू असल्याचे जाहीर केले. चांगले आहे. पण म्हातारीचे पेन्शन त्यामुळे घटणार की काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आपल्या समाजाला तर सीमा दुहेरी नडते. अनुसूचित जातीची यादी राज्यागणिक वेगळी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला जातीमुळे नव्या राज्यात आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरवले. दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाला जमीनच नव्हती, त्याने उतारा कुठून आणायचा? म्हणजे रेघ नकाशावर हलते आणि आपल्या पोराचा प्रवेश अडतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी 'एक राज्य, एक भाषा' हे तत्त्व मान्य केले, पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे हे मानले नाही. महाराष्ट्राची चार राज्ये करावीत, असे त्यांनी सुचवले. कारण उघड होते. प्रत्येक भाषिक प्रदेशात एक मोठी जात असते आणि लहान जाती विखुरलेल्या असतात. भाषेच्या नावाने राज्य मिळाले तरी सत्ता कुणाच्या ओसरीवर बसणार, हा त्यांचा सवाल होता.

हा सवाल सातासमुद्रापारही आहे. कॅनडात फ्रेंच बोलणारे अल्पसंख्य, पण क्वेबेक प्रांतात ते बहुसंख्य. तरीही १९६१ च्या आकड्यांत, तिथल्याच फ्रेंच पुरुषांची कमाई इंग्रजांपेक्षा बरीच खाली होती. त्यांनी नुसत्या पाट्या रंगवल्या नाहीत. १९६४ साली शिक्षणाचे मंत्रालय काढले, वीज कंपन्या सरकारकडे घेतल्या, आणि १९७७ साली फ्रेंच ही कामाच्या ठिकाणची भाषा व्हावी असा कायदा केला. म्हणजे भाषेला शाळा, वीज आणि पगार यांची जोड दिली. हे घेण्यासारखे आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९५ साली क्वेबेकने कॅनडातून वेगळे होण्यावर मतदान घेतले. ते थोडक्यात फसले. त्याच्या आधी काही दिवस तिथल्या क्री आदिवासींनी आपले स्वतंत्र मतदान घेतले आणि ९६ टक्क्यांनी सांगितले, आम्हाला विचारल्याशिवाय आम्हाला नेऊ नका. ज्या विजेवर क्वेबेकने प्रगती केली, तिची मोठी धरणे क्रींच्याच भूमीवर होती. अल्पसंख्याकांच्या पोटातही अल्पसंख्य असतात, हे विसरून चालत नाही.

दूर कशाला, राहात्याहून शिर्डीकडे चला. हॉटेलांवर, लॉजवर तेलुगू पाट्या दिसतात. त्यांच्यावर कोणी डांबर फासत नाही, कारण त्या गिऱ्हाईक आणतात. आणि याच परिसरात कारखान्याच्या हंगामात बीड-पाथर्डीकडून येणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या पोराची शाळा सुटते. त्याची भाषा मराठी, राज्य मराठी, शाळाही मराठी, तरी पोर फडात! त्याच्यासाठी कोणता सीमालढा लढायचा?

म्हणून बांधवांनो आणि भगिनींनो, भाषेचा अभिमान जरूर बाळगा. तहसीलच्या खिडकीवर आपल्या आईला आपल्या भाषेत उत्तर मिळणे, हा तिचा मान आहे आणि हक्कही आहे. मात्र भाषेच्या नावाने कोणी मोर्चाला बोलवायला आला, तर त्याला उंबऱ्यावरच तीन गोष्टी विचारा. माझ्या वस्तीत नळाला पाणी कधी येणार? माझ्या पोराचा दाखला कोण काढून देणार? आणि सीमेपलीकडच्या गरिबाला त्याच्या भाषेत हाच हक्क द्यायला तुम्ही तयार आहात का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर चपला घालून निघा. नाही मिळाली, तर ग्रामसभेची तारीख विचारून घ्या आणि बायकामाणसांसह तिथे जा. ठराव तिथेच लिहिला जातो, आणि जतच्या लोकांनी दाखवून दिले की लिहिलेला ठराव दहा वर्षांनीही उठून बोलतो.