कुंपणाच्या आतली गाडी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, पण आकडेमोड आवडते.

माझ्या भाच्याला परदेशात तयार होऊन येणारी गाडी घ्यायची आहे. "मामा, आत्ता बुक करू की थांबू?" हा त्याचा प्रश्न. कारण २७ जानेवारी २०२६ ला जाहीर झालेला युरोपीय महासंघाबरोबरचा करार. तिकडच्या गाड्यांवरचं ११० टक्क्यांपर्यंतचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे, तेही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत. आता गंमत बघा. त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, भोसरीत प्रेस शॉप आहे. चाकणच्या कारखान्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे बनतात. मुलगा ऑर्डर द्यायच्या विचारात आणि बाप ऑर्डर जाईल या काळजीत. एकाच घरात, एकाच बातमीमुळे!

आधी हिशेब करू. २०२५ च्या अर्थसंकल्पातल्या दरांप्रमाणे, ४० हजार डॉलरच्या आतल्या तयार गाडीवर साधारण ७० टक्के शुल्क, त्याच्यावरच्या गाडीवर सगळं धरून ११० टक्के. समजा बंदरावर उतरलेली मोठी पेट्रोल गाडी २० लाखांची आहे. शुल्क १४ लाख, झाले ३४. आता जीएसटी ४० टक्के, पण तो २० लाखांवर नाही, ३४ लाखांवर! म्हणजे आणखी १३ लाख ६० हजार. एकूण ४७ लाख ६० हजार. शुल्क नसतं तर हीच गाडी २८ लाखांत बसली असती. सरकारने शुल्क लावलं १४ लाख, गिऱ्हाइकाला पडलं १९ लाख ६० हजार. डीलरचा नफा, आरटीओ आणि विमा पुढेच.

जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत बीकेसीला दुकान उघडलं, तेव्हा शांघायहून आणलेल्या मॉडेल वायची किंमत जवळपास ६० लाखांपासून सुरू होती. अमेरिकेत ती ४५ हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने ३९ लाखांच्या आसपास मिळत होती. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी अवघा ५ टक्के, तरी हा फरक.

आणि सचिनची फेरारी आठवतेय ना? २००३ साली तिचं शुल्क माफ केलं म्हणून केवढा गहजब झाला होता! शुल्काची रक्कम कोटीच्या वर होती. शेवटी ती भेट देणाऱ्या कंपनीच्या बाजूने भरली गेली. देशाच्या लाडक्या खेळाडूलाही सूट नको, असं तेव्हा लोकांना वाटलं. मला ते आवडलं होतं. नियम सगळ्यांना सारखा.

पण नियम सारखा असला म्हणजे तो कायमचा असावा असं नाही. कुंपण घातलं ते इथे कारखाने वाढावेत म्हणून. त्याचा एक काळ आपण भोगलाय. पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि जी मिळेल ती गोड मानायची. पण कुंपणाचा फायदाही झाला. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात गाड्या जुळवते, त्यात या हिशेबाचा वाटा आहेच. इंजिन, गिअरबॉक्स आधी न जोडता सुटे भाग आणले तर शुल्क १५ टक्के, अख्खी गाडी आणली तर ७० किंवा ११०. मग माणूस इथे शेड घालणारच! त्या शेडभोवती वेंडर आले, त्यातलेच एक आमचे दाजी.

म्हणून शुल्क एका रात्रीत काढावं या मताचा मी नाही. पण रोपाभोवतीचं कुंपण झाड झाल्यावरही तसंच ठेवलं तर त्याचा खर्च कोण देतो? गिऱ्हाईक. माझ्या मते शुल्काला उतरणीचं वेळापत्रक हवं, वर्षं आणि टक्के आधी छापलेले. दाजींना नवी मशीन घ्यायची की नाही हे ठरवता येईल, आणि भाच्याला बुकिंगचं. दोघांनाही खरा त्रास आहे तो अंदाजाचा. शुल्काचा दर लागतो तो गाडी इथे उतरून कस्टम्सकडे कागद दाखल होतात त्या दिवशीचा, आणि डीलरच्या फॉर्मवर सहसा 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत' असं बारीक अक्षरात असतं. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की ती ओळ आधी वाच, आणि दर उतरले तर फायदा तुला मिळणार का ते लिहून घे.

इतकी वर्षं आपण 'स्वदेशी' आणि 'स्वस्त' यातलं एकच निवडायचं असं धरून चाललो. मोठ्या बाजारपेठेला दोन्ही परवडतं, फक्त कुंपण कधी काढणार हे आधी सांगायला हवं. तुमच्यापैकी कोणाचं घर असं दोन्ही बाजूंना आहे का? जरूर लिहा.