गळाला आलेला मासा निसटतो का?

कोकणातील खाड्यांच्या काठी गळ टाकून बसणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. मासा आमिषाला तोंड लावतो, दोरीला हिसका बसतो, माणूस दोरी ओढतो आणि हाती रिकामा गळ येतो. याचा दोष बहुधा पाण्याला, भरतीला किंवा नशिबाला दिला जातो. अलीकडे साहित्याकडेही बोट दाखविले जाते आणि महाग परदेशी गळ घेतला की मासा सुटणार नाही, असा समज पसरत आहे. हा समज बरोबर नाही. मासा सुटतो तो पुष्कळदा हाताच्या सवयीमुळे. जिवंत आमिषाच्या वेळी जी सवय उपयोगी पडते, तीच जिग वापरताना नडते. आणि जिगची सवय जिवंत आमिषाच्या वेळी नडते.

खारेपाटातील शेतकऱ्यास हा विषय परका नाही. अलिबाग-पेण भागात भातशेतीलगतच्या तळ्यांत जिताडा वाढविण्याची रीत आहे. अशा तळ्यातून एखाददुसरा मासा काढावयाचा, तर जाळे ओढून सारे तळे ढवळण्यापेक्षा गळ सोयीचा. खाडीत तर जिताडा आणि तांबोशी हे चांगल्या भावाचे मासे गळावरच पुष्कळ मिळतात. मोठा जिताडा हातचा जाणे हे लहान कुटुंबाला सोसण्यासारखे नुकसान नव्हे.

जिताडा भक्ष्य चावत नाही. तो तोंड एकदम उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो आणि मग वळून चालू लागतो. दोरीला पहिला धक्का जाणवतो तेव्हा आमिष नुकतेच तोंडात शिरलेले असते. त्या क्षणी हिसका दिला, तर आले त्याच वाटेने ते बाहेर येते. यास्तव जिवंत कोळंबी किंवा बोयटाचे पिल्लू लावले असता प्रथम दोरी किंचित सैल द्यावी आणि मासा चालू लागून दोरी सलग ताणली गेली म्हणजेच ओढावे. फार थांबणेही बरे नाही, कारण मग गळ पोटात जातो.

ही अडचण गोल गळाने बरीचशी दूर होते. या गळाचे टोक दांडीकडे आत वळलेले असते. दोरी सावकाश ताणली गेली की तो घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. आत वळलेले गळ पॅसिफिक बेटांवरील लोक शिंपल्याचे व हाडाचे करीत असत. उत्तर पॅसिफिकमधील हॅलिबट माशाच्या धंद्यात १९८० नंतरच्या दशकात ते सर्रास रूढ झाले. मात्र गोल गळाला हिसका मुळीच चालत नाही. येथेच सवय आड येते. नवा गळ आणि जुना हिसका यांचा मेळ बसत नाही, आणि मग गोल गळ निरुपयोगी ठरवून कोपऱ्यात टाकला जातो.

जिगचे सारे उलट. जिग म्हणजे शिशाने किंवा अन्य धातूने जड केलेला, माशाचा आभास निर्माण करणारा गळ. त्याला ना चव, ना मऊपणा. खोटेपणा कळताच मासा तो थुंकून टाकतो. म्हणून तेथे धक्का जाणवताक्षणी ओढलेच पाहिजे. शिवाय पुष्कळ वेळा मासा जिग वर येताना नव्हे, तर खाली बुडत असताना त्यावर झडप घालतो. बुडताना दोरी अगदी ढिली सोडणाऱ्यास ती झडप कळतच नाही. जिग खाली जाताना दोरी बोटांतून हलकेच निसटू द्यावी; ती मध्येच थांबली किंवा उगाच ढिली पडली, तर मासा आला असे समजावे. खोल पाण्यात तंगूस ताणले जाते आणि हाताचा झटका वाटेतच विरतो, हेही ध्यानात घ्यावे. मासा बहुधा जिगच्या डोक्याकडे धावतो. म्हणून शेपटीला तीन टोकांचा गळ ठेवण्याऐवजी वरच्या नेढ्याशी आखूड दोरीने एकेरी गळ बांधण्याची जपानी रीत अधिक सोयीची.

आमिष टोचण्यात तर फारच हयगय होते. कोळंबीच्या डोक्यात काळसर ठिपका दिसतो. तेथे गळ गेला की ती तत्काळ मरते. करवतीसारख्या काट्याच्या मुळाशी, ठिपक्याच्या पुढे, किंवा शेपटीकडील पेऱ्यातून टोचावे. कोठेही टोचले तरी गळाचे टोक मोकळे राहिले पाहिजे. टोक आमिषात दडले तर ते जबड्यात शिरणार कसे?

धारेविषयी वेगळे सांगावयास नको होते, पण खाऱ्या पाण्यात गंजलेले बोथट गळ सर्रास वापरात दिसतात. टोक अंगठ्याच्या नखावरून हलके ओढावे. ते घसरले तर बोथट, अडले तर धारदार. बारीक कानस दोन मिनिटांचे काम करते. आणि मासा दोरी तोडून गेला असेल, तर उरलेले टोक पाहावे. ते वेटोळे झाले असेल तर गाठ सुटली. साफ कापले असेल तर जिताड्याच्या कल्ल्यावरील धारदार झाकणाने आपले काम केले. दुसऱ्या दोषाला गळाजवळ जाड दोरीचा तुकडा जोडणे हाच उपाय.

कोळी बांधवांना हे कोण शिकविणार, असे कोणी म्हणेल. त्यांचे ज्ञान पिढ्यांचे आहे, यात संशय नाही. पण ते त्यांच्या नेहमीच्या गळाचे आहे. गोल गळ आणि जिग बाजारातून येतात, त्यांची रीत सोबत येत नाही. साहित्य वाटून यादी पुरी करणे हे विस्ताराचे निम्मेच काम होय. त्यापेक्षा गावपातळीवरील कार्यकर्त्याने ओहोटीला खाडीकाठी दहा माणसे जमवून दोन्ही गळांची ओढ प्रत्यक्ष करवून घेतली, तर लाभ अधिक होईल.

याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविले. सुरमईसाठी ते ३७० मिलिमीटर आहे. जबड्याच्या कोपऱ्यात अडकलेला लहान मासा जिवंत परत सोडता येतो. पोटात गळ गेलेला मासा सोडला तरी तो बहुधा जगत नाही.