काटा कोणी तपासायचा?

मंगरूळपीरच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन येणारा शेतकरी वजनकाट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. काटा ठरावीक मुदतीने तपासून त्यावर मुद्रा उमटविण्याचा कायदाही आहे. त्याच शेतकऱ्याचे मूल ज्या काट्यावर तोलले जाते, त्या परीक्षेच्या काट्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर घसरला, २०२० मध्ये ९५.३० वर चढला आणि २०२१ मध्ये ९९.९५ झाला. महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी तीन वर्षांत अशी हेलकावे खाते काय? बदलले ते मोजमाप. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांची वीस गुणांची तोंडी परीक्षा काढून टाकली होती; पुढच्या वर्षी ती परत आली; २०२१ मध्ये तर करोनामुळे लेखी परीक्षाच न होता शाळांतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला.

यावरून शिक्षकांच्या नीतीवर बोट ठेवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. अमेरिकेत १९१३ साली स्टार्च आणि एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण पडले अठ्ठावीसपासून नव्वदच्या पुढेपर्यंत! गणितासारख्या विषयात ही गत, तर निबंधाची काय कथा? कोणी रीतीला गुण देतो, कोणी उत्तराला, कोणी नीटनेटकेपणाला. प्रत्येकजण प्रामाणिक असतो; निकष मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना उत्तम होती. परंतु अनेक ठिकाणी वर्णनात्मक नोंदी एकमेकांवरून उतरविण्यात तिचा प्राण गेला. आता डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा परत आली असून, पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहू शकते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष दोन-चार गुणांवर अडणार असेल, तर ते गुण कोणत्या निकषावर दिले, हे विचारण्याचा पालकाला अधिकार आहे.

उपाय खर्चाचा नाही. केंद्रातील शिक्षण परिषदेत नावे झाकलेल्या पाच उत्तरपत्रिका सर्वांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात, गुण फळ्यावर मांडावेत आणि जेथे फरक पडेल तेथे निकषावर चर्चा करून एकमत करावे. उत्तीर्णतेच्या सीमेवरील उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाने, पहिले गुण न पाहता, तपासावी. यात शिक्षकाचा अवमान नाही. काट्यावर मुद्रा असली म्हणजे व्यापाऱ्याची पत कमी होत नाही, वाढते. शिक्षकाच्या निर्णयाचेही तसेच आहे. मंगरूळपीर तालुक्यातील एखाद्या केंद्राने हा प्रयोग याच वर्षी हाती घ्यावा. त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.